जोडीला कोन बसलं व्हतं

बसा नीट. दिवा बारीक करू नका, असू द्या तसाच. अप्पाराव च्याचे कागदी कप आनायला तीर्थपुरीला गेल्ता, तिथून हे सुरू व्हतं.

शंभर कप, दोन डझन रबरं अन् बॅटरीचे सेल. दुकानदार म्हनला, "काय अप्पा, हाटेल टाकलं का काय?"

"डासाला च्या पाजायचाय."

"मंग बशा बी घिऊन जा की!"

दुकानातले चार जन खदखदा हसले. अप्पारावचं डोकं म्हंजी तापेल तवा. साधं कुनी 'बाजूला सरक' म्हनलं तरी अंगावर धावून जायचा. पन त्या दिवशी गप पिशवी गाडीला अडकवली अन् निघाला. भांडायला जीव नव्हता. कौसल्या, त्याची बायको, जालन्याला दवाखान्यात पडेल व्हती. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, अंगावर चार गोधड्या टाकल्या तरी खाट कडाकडा वाजायची. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं व्हतं, "या वेळी निभावलं. घरी जाऊन परत ताप आला तर यांच्या अंगात रक्तच उरणार नाही. तुमच्या वस्तीतला डास आधी संपवा."

आता डास संपवा म्हनायला काय जातंय. वस्ती चौदा घरांची, अकरा घरांत ताप. रांजन उपडे केले, टाक्या घासल्या, टायरं जाळली. डासाची अंडी म्हनू नका, पिल्लू म्हनू नका, काहीच सापडंना. अन् दिवस मावळला की कानाशी गुणगुण चालूच.

मंग अक्षता मॅडम आल्या. डासाच्या जाती मोजायचं शिक्षान असतं म्हने, तसं शिकेल बाई. नव्या जालन्यात खोली करून राह्यल्या व्हत्या. कौसल्याच्या गोधडीत एक मरेल डास घावला, तो त्यांनी भिंगाखाली धरला अन् पार पाच मिन्टं डोकं वर केलं न्हाई.

"हा इथला नाही," त्या म्हनल्या.

"मंग कुठला?"

"बारा महिने ओलं असतं अशा घनदाट जंगलातला. असलेच डास मोजत मी दोन वर्षं अंदमानात फिरले. जालन्यात हा दिसायलाच नको."

"दिसायला नको म्हंजी काय, मॅडम? माझ्या बायकोला चावून बसलाय तो!"

मॅडम बिलकुल रागवल्या न्हाईत. त्यांनी इचारलं, "इथं जवळ कुठं ओली, दाट झाडी आहे का?"

सगळे गप. कारन हाय. वस्तीपासून अर्ध्या कोसावर, नाल्याच्या वळनात, दोन एकर राई हाय. चहूकडं कपाशी अन् सोयाबीन, अन् मधीच हे उंबर, जांभूळ, करंज, त्याच्यावर हातभर जाडीचे येल. आत ऊन पोचत न्हाई. उन्हाळ्यात बी पाय टाकला तर चप्पल वली व्हती. सरपनाला तिथं कुनी जात न्हाई. का जात न्हाई, तर न्हाई जात. आमच्या बापजाद्यांनी बी इचारलं न्हाई, आमी बी न्हाई.

मॅडमनं बराबर तिथंच बोट ठिवलं. "त्या राईत एखाद्या झाडाच्या ढोलीत पाणी साचलं असणार. तिथंच हा वाढतोय. ती ढोली सापडली की औषध टाकू, वाळूनं बुजवू. ताप थांबेल."

पन दोन एकरात झाडं किती, ढोल्या किती. पाच दिवस शोधून झालं. मॅडमची गाडी अन् परवानगी सहाव्या दिवसापरेंतच व्हती. आधीचे सरले म्हनून त्या सहाव्या दिवशीच अप्पारावनं नवे कप आनले.

कामाची तऱ्हा ऐका, म्हंजी पुढचं समजंल. दोघांची जोडी. एकानं गुडघ्यापरेंत पाय उघडे टाकून हालायचं न्हाई, बोलायचं न्हाई, बसायचं. दुसऱ्याच्या हातात बॅटरी, तिला लाल कागद, अन् एक काचेची नळी. नळीच्या मागं रबरी नळी, ती तोंडात. पायावर डास टेकला की चावायच्या आत नळीचं तोंड त्याच्यावर धरायचं अन् श्वास आत वढायचा. डास काचेत. मधी जाळीचा तुकडा असतो, म्हनून घशात जात न्हाई. मंग कपावर जाळी ताणेल असती, तिला भोक, त्यातून फुंकून डास कपात सोडायचा. वढायचं अन् फुंकायचं. जागा बदलायची असली तर गुडघ्यावर दोन डाव बोट टेकवायचं, तोंड उघडायचं न्हाई. जिथं जास्ती डास तिथं ढोली जवळ, असा हिशोब. तंबाखू न्हाई, बिडी न्हाई, वासाचं तेल न्हाई. अन् राईत एकट्यानं बसायचं न्हाई, ही मॅडमची सक्त ताकीद.

अप्पारावच्या जोडीला त्याचा चुलतभाऊ काकासाहेब. नळी काकासाहेबाच्या हातात, कारन अप्पारावला जवळचं दिसत न्हाई. पन्नाशी गेल्ती, चष्मा घ्यायचा ऱ्हाऊन गेल्ता.

दिवस मावळायला दोघं आत शिरले. मॅडम डांबरी सडकेवर गाडीपाशी थांबल्या, त्यांचं दुसरं सापळ्याचं काम व्हतं. जांभळाखाली पोतं टाकून अप्पाराव बसला, पाय उघडे. पाखरं वरडून वरडून गप झाली. कुजेल पाल्याचा वास, वल्या मातीचा वास. आन् त्यात तिसरा वास आला.

"काका. तंबाखू खाल्लीस तू."

"चिमूटभर."

"मॅडमनं काय सांगितलं व्हतं?"

"आरं चिमूटभर! तुझ्या बापाची खाल्ली का?"

"माझी बायको तिकडं मरायला टेकली अन् तुला चिमूट सुचायली! आजचा एकच दिस हाय लेका!"

"मंग सा दिवस मी काय इथं वरातीला आल्तो? तुझ्या शिव्या खायला रोज यायलो का मी?"

"निघ. तुझ्यावाचून आडत न्हाई माझं."

"आसं का? बस मंग. पाज त्यांला रगत अन् कर पुण्य!"

काकासाहेब गेला. नळी अन् कप पोत्यावर टाकून गेला, पन बॅटरी घिऊन गेला. पाला वाजत वाजत लांब गेला अन् मंग काहीच वाजंना.

आता शहाना मानूस असता तर उठून सडकेवर आला असता. एक हाक मारली असती तरी काकासाहेब फिरला असता, वाटच बघत असंल तो हाकेची. पन अप्पाराव कसला हाक मारतो. आमच्याकडं भांडन झाल्यावर जो पैला बोलतो तो हारतो. तो तसाच बसला, जबडा आवळून, अंधारात, पाय उघडे.

डास आले. आधी दोन-चार, मंग लई. नळी चाचपडून तोंडात धरली, पायाकडं रोखली, वढली, नुसती हवा आली. दिसंच ना काही. गुणगुण अशी वाढली की जनू राईच्या पोटात कुनी जातं फिरवायलंय. त्याला वाटलं, हे सगळे आता एकदम टेकनार. दोन हातांनी किती हानायचे. अन् हानले तर मोजायचे कसे, ढोली कशी घावायची... कौसल्या घरी यील, परत कापायला लागंल... त्याच्या डोळ्याला पानी आलं, खोटं कशाला सांगू.

तवा त्याच्या हातातली नळी कुनी तरी काढून घितली.

हळूच. वढून न्हाई. घरातली बाई झोपेल लेकराच्या हातातलं खेळनं काढून घेती, तसं.

अप्पारावला बरं वाटलं, अन् राग बी आला. आला वाटतं काका, लाज वाटून. त्यानं मान तिकडं वळवलीच न्हाई. मुद्दाम. म्हनला मनात, तू बोल आधी.

बाजूचा बोलला न्हाई. कामाला लागला. नळीचं गार तोंड नडगीवर टेकलं, उचललं. घोट्यावर टेकलं, उचललं. पोटरीवर. बोटांच्या बेचक्यात. एक डास चावला न्हाई. काकासाहेबाचा हात जड व्हता, त्याची नळी कातड्याला खुपायची. आज हात लई हलका.

बराच येळ गेल्यावर अप्पारावच्या एक ध्यानात आलं. लाल उजेड न्हाई. बॅटरी लावेलच न्हाई. मंग ह्याला दिसतंय कसं?

अन् वास. तंबाखूचा न्हाई. अप्पाराव ल्हान व्हता तवा डास मारायची पांढरी भुकटी पान्यात कालवून घरं फवारायची मानसं यायची, खाकी कपड्यांची. भिंतींना महिना महिना तो वास ऱ्हायचा. चाळीस वर्षांत तो कुठं आला नव्हता. आता बाजूलाच आला, वला, जुना...

मंग त्यानं कान दिला. आत वढायचा आवाज येत व्हता. सस्स. परत सस्स. परत. परत. फुंकायचा आवाज एकदा बी न्हाई. बाजूचा मानूस श्वास आतच घित व्हता. आतच. सोडायचा म्हनून सोडतच नव्हता.

अप्पारावला पळावं वाटलं. पन एक सांगू? तो पळाला न्हाई. पायावर ती नळी अशी काळजीनं फिरत व्हती की त्याला वाटलं, ह्याला लाथाडून पळालो तर आपुन मानूस न्हाई. घोगऱ्या आवाजात तोच पैला बोलला. जल्मात पैल्यांदा.

"गड्या... मला ती ढोली घावली पायजे... माझी बायको वाचायची असंल तर..."

नळी थांबली.

गुडघ्यावर बोट टेकलं. एक डाव... दोन डाव.

ऊठ, जागा बदल.

अप्पाराव उठला. अंधारात पडू नी म्हनून त्यानं बाजूच्याचा हात धरला, कोपराच्या वर. जाड, मऊ बाही लागली, घोंगडीसारखी. ती बाही धरून तो चालत गेला. दहा पावलं असतील का वीस, त्याला ठाव न्हाई. येल बाजूला सरत व्हते का अप्पारावच वाकत व्हता, ते बी ठाव न्हाई. एकच ठाव हाय, की बोटांखाली ती बाही हालत व्हती. सगळी. वाऱ्यानं कापड हालतं तशी न्हाई... धान्यात किडे पडले की पोतं हालतं, तशी.

त्याचा दुसरा हात कुनी तरी उचलला अन् झाडाच्या बुंध्यावर ठिवला. खाली सरकवला. येलाच्या मागं, सालीत एक फट. फटीत हात गेला मनगटापरेंत. गार पानी. अन् त्या पान्यात बारीक बारीक वळवळ, बोटांला गुदगुल्या करनारी. हजारानं.

"सापडली..." अप्पाराव म्हनला. "सापडली रं..."

"आप्पाऽऽ! आरं ए आप्पाऽऽ!"

मागून काकासाहेबाचा आवाज. त्याच्या मागं मॅडम. बॅटरीचा कागद गळून पडला व्हता, पांढरा उजेड झाडांतून उड्या मारत आला अन् नेमका अप्पारावच्या हातावर पडला.

त्यानं पाह्यलं. काळी बाही व्हती, बराबर त्याच्या मुठीत. उजेड पडला तशी ती बाही फुटली. सगळी एकदम उडाली. डास. नुसते डास. काळा लोट वर गेला, फांद्यांत शिरला, गुणगुण करत पांगला. अन् खाली काहीच नव्हतं. ना हात, ना मानूस. अप्पारावची मूठ हवेत, काही तरी धरेल असल्यागत आवळेल.

"आप्पा, चुकलं माझं," काकासाहेब धापा टाकत म्हनला. "निम्म्यातून परत फिरलो व्हतो मी. वाटंच घावंना. गोल गोल फिरलो. आरं बोल की! मार पायजे तर, पन बोल!"

अप्पारावनं त्याला मारलं न्हाई. गळ्यात पडला त्याच्या. काकासाहेब म्हनतो, सबंध आयुष्यात मला भीती वाटली ती तवाच.

पोत्यापाशी आले तर सा कप वळीनं मांडेल. फुंकल्याचा आवाज एकदा बी आला नव्हता, तरी सगळे भरेल. जाळ्या ताणेल, रबरं लावेल, एक बी वाकडं न्हाई. मॅडमनं कप उजेडाला धरले. "हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत? अंधारात?"



मॅडमनं त्याच्या पायांवर उजेड मारला, गुडघ्यापासून बोटांपरेंत पाह्यलं. एक फोड न्हाई, एक खूण न्हाई.

दुसऱ्या दिवशी ढोलीत औषध पडलं, वाळू पडली, वरून सिमेंटचा गोळा बसला. आठ दिवसांत वस्तीतली गुणगुण गेली. पंधरा दिवसांत नवा ताप कुनालाच न्हाई. मॅडमनं जाताना सगळ्या घरांच्या खिडक्यांला जाळ्या मारून दिल्या. अन् कौसल्या घरी आली. हाडं दिसत व्हती, पन अंग गार व्हतं. चुलीपाशी बसून म्हनली, "मला काय बघायलेत असं? भाकर करप्तीय तिकडं," अन् अप्पाराव पोरासारखा रडला.

मंग मॅडमचा फोन आला.

"अप्पाराव, खरं सांगा. त्या संध्याकाळी तुमच्या जोडीला कोण बसलं होतं? मी रागावणार नाही."

"का वो, मॅडम?"

"त्या सहा कपांतल्या डासांची पोटं भरलेली आहेत. माणसाच्या रक्तानं, ताज्या. तुमच्या पायावर तर खूणही नव्हती. काकासाहेबांच्याही नाही, मी पाहिलंय. म्हणजे तिसरा कुणी तरी बसला होता आणि तुमच्या वाटचे सगळे डास त्याला चावले. या डासांत तापाचे जंतू सापडलेत. त्या माणसाला गोळ्या द्याव्याच लागतील."

अप्पाराव म्हनला, "हाय एक वळखीचा. गोळ्या धाडा तुम्ही. मी देतो त्याला."

उषाबाई, आमच्या गावाची आशा ताई, तिनं गोळ्यांचं पाकीट आनून दिलं. दहा गोळ्या. आज चार, उद्या चार, परवा दोन, अन् पोटभर खाऊन.

लोक अशा जागंला नारळ फोडतात, कोंबडं कापतात. अप्पारावला ते पटलं न्हाई. ज्यानं आपल्या वाटचं रगत दिलं त्याला नारळाचा काय उपेग? सांजच्याला तो भाकर, पिठलं अन् पाकीट घिऊन गेला. राईच्या तोंडाशी एक सपाट धोंडा हाय, त्याच्यावर ठिवलं. आमच्यात कुनी कुनाचे उपकार तोंडानं मानत न्हाई, लाज वाटती. त्यानं मानले. मोठ्यानं.

"गड्या, तू कोन हाईस मला ठाव न्हाई. माझं घर वाचलं तुझ्यामुळं. हे खा आधी. मंग चार गोळ्या घे. रिकाम्या पोटी घिऊ नको, मळमळतं."

सकाळी जाऊन पाह्यलं. भाकर न्हाई. पाकिटातल्या चार गोळ्या फोडेल, बाकी सा जागच्या जागी. कुत्रं न्हाई, माकड न्हाई. नखानं नीट फोडेल कागद. अप्पारावनं पाकीट व्हतं तसंच धोंड्यावर ठिवलं.

दुसऱ्या दिवशी चार.

तिसऱ्या सांजंला भाकर ठिवली, वर वांग्याची भाजी. "आजच्या दोन घितल्या की झालं बघ. बरा व्हशील." चौथ्या सकाळी भाकर गेल्ती अन् पाकीटच नव्हतं. झालं, म्हनला. फिटलं न्हाई, पन झालं. हात जोडले अन् हलक्या पायानं घरी आला.

कौसल्या खाटंवर बसून च्या पित व्हती. तोंडावर रंग आल्ता.

"अवो, गोळ्या ठिवल्या ते लई बरं केलं," ती म्हनली.

"कसल्या गोळ्या?"

"ह्या काय. रात्री खिडकीत ठिवल्या व्हत्या न्हाई का तुम्ही? दोन." ती कप खाली ठिवून हळू आवाजात म्हनली, "दवाखान्यात शेवटच्या दिवशी म्या दोन गोळ्या वकल्या व्हत्या. नर्सबाई वरडंल म्हनून सांगितलंच न्हाई कुनाला. डॉक्टर तर म्हनले व्हते, एक बी चुकली तर ताप परत येतो. पंधरा दिवस जीव नुसता टांगनीला लागेल व्हता. तुम्हाला कसं समजलं?"

"...घितल्या तू?"

"घितल्या की. पोटभर खाऊन घे म्हनलात ना कानात."

अप्पारावनं खिडकी पाह्यली. मॅडमची जाळी चारी बाजूंनी खिळ्यानं ठोकेल, एक तार तुटेल न्हाई. दाराला आतून कडी व्हती, सकाळी त्यानंच काढली व्हती. खिडकीच्या आतल्या फळीवर जांभळाचं एक पान पडेल व्हतं, त्याच्यावर गोळ्यांएवढे दोन गोल कोरडे डाग, अन् बाकी सगळं पान पान्यानं निथळत व्हतं.

त्या दिवशी सांजंला अप्पाराव उंबऱ्यात दोन्ही हात जोडून उभा व्हता. बाहेर अंधार पडत व्हता, अन् राईतल्या गड्यानं आपल्या वाटच्या शेवटच्या दोन गोळ्या घितल्याच नव्हत्या. दार लावून घ्यावं का उघडं ठिवावं, ते काही त्याला उमजंना.